धर्मराजचा हिरवा तुकडा

धर्मराजनं आसामच्या जंगलात पॅराशूटच्या कापडात अस्वल धरलं होतं, ही हकिकत नवीन जालन्यात अजून दोन-चार जण सांगतात. त्यातला एक तर अस्वलाचं वजनही सांगतो. वजन मी कधी सांगितलं नव्हतं, ते त्याचं त्यानं घातलं. बाकी सगळं माझं. अस्वल माझं, पॅराशूट माझं, आणि धर्मराज मिल्ट्रीत होता हेही माझंच.

सायकलीच्या कॅरिअरला गाठोडं बांधून मी चाळीस वर्षं कापड विकलं. खाली शहागड, वर केदारखेडा, यांच्या मधल्या गावांतली कुत्रीसुद्धा मला पाहून भुंकायचा कंटाळा करायची. कापड काय, सगळ्या फेरीवाल्यांचं सारखंच. ते खपवायला सोबत काहीतरी सांगावं लागतं. खण काढला की मी म्हणायचो, हा विणणारा माणूस मागावर बसायच्या आधी गुलाबपाण्यानं हात धुतो. बायका म्हणायच्या, "पुंजाराम भाऊ, जरा बेतानं फेका." आणि अर्धा वार जास्त फाडून घ्यायच्या.

सगुणाबाई मला ठाऊक होती ती शहागडपासून. तिला पहिला मुलगा झाला, धर्मराज, तेव्हा तिनं माझ्याकडून पिवळ्या बुट्ट्यांचं पांढरं मलमल घेतलं होतं. हैद्राबादच्या एका नवाबाच्या नातवासाठी आलेल्या ताग्यातलं हे उरलेलं आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "नातवाला पुरून एवढं उरलं म्हंजी लेकरू लईच किडमिडं दिसून राह्यलं." तेव्हा वय असेल विशीचं. त्या मलमलचं तिनं वाढत्या अंगाचं झबलं शिवलं, आणि शिवताना सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. गावातल्या बायका हसल्या, उलटं शिवलंय म्हणाल्या. ती म्हणाली, "आतून टोचतंय त्याला. बाहेरून तुमच्या डोळ्याला टोचलं तर टोचू द्या."

पुढच्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी विहिरींत शिरलं आणि हगवण-उलटीची साथ आली. एका आठवड्यात गावातली अकरा लेकरं गेली. धर्मराज त्यातला चौथा. दीड वर्षाचा होता. त्या आठवड्यात कोणी कोणाच्या दारात भेटायला गेलं नाही, जो तो आपल्याच दारात बसलेला होता. नंतर तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. ती अंबडला एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला राहिली, तिथून जालन्याला आली.

जालना जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. स्टेशनच्या मागच्या गल्लीत मी सायकल ढकलत चाललो होतो. एका खोलीच्या दारात दोरीवर चार कुंच्या टांगलेल्या दिसल्या. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बसणारं टोपडं आणि त्याच्याच मागं पाठभर सुटलेला पदर. अशा शेकडो पाहिल्या होत्या. पण ह्यांच्या शिवणी बाहेरच्या अंगाला होत्या, आणि त्यांच्यावर पिवळी गोट अशी फिरवलेली, की शिवण आहे हे न कळता नक्षी आहे असं वाटावं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि आत डोकावून म्हणालो, "सगुणाबाई, नवाबाचा नातू कसा हाय?"

तिनं मशीनवरचा पाय उचलला. ओळखायला तिला क्षणभर लागलं. मग म्हणाली, "या भाऊ. गाठोडं बाहेर ठिवा. आत कापडाला जागा हाय, थापांना न्हाई."

तिची कामाची रीत वेगळी होती. कागदावर ती काही काढायची नाही. फरशीवर साबणाच्या चिपेनं रेघा ओढायची आणि दोन दिवस त्या रेघांवरूनच वावरायची, चूलही तिथंच, जेवणही तिथंच. तिसऱ्या दिवशी फडकं मारून पुसून टाकायची. पुसल्यावर डोक्यात जे उरलं, ते कापडावर यायचं. मोर-पोपट तिनं कधी केले नाहीत. "त्ये सगळेच करतेत," म्हणायची. तिच्या कुंचीवर बाभळीच्या शेंगा असायच्या, फुटलेली कापसाची बोंडं असायची, एकदा तर तिनं दोन रूळ काढले आणि त्यांच्यावर मण्यांची गाडी चालवली. टोपड्याच्या आत मात्र काही नाही. ना मणी, ना गाठ. टाळूला लागेल असा दोरासुद्धा नाही. एका कुंचीला चार दिवस जायचे. दोरीवरच्या रिकाम्या वेळात केलेल्या, पण कोणी सांगितलेली कुंची असली तर बाळ जन्मायच्या आधी ती कात्री उचलायची नाही. जन्माची खबर आली की कापड फाडायची, आणि बारशाच्या आत कुंची घरपोच. मध्ये दिवस किती उरतात ते पाहा. तिला ती घाई आवडायची.

त्या पहिल्या भेटीच्याच आठवड्यात मी परत गेलो असताना तिच्याकडे द्वारकाबाई आल्या. बियाण्याच्या एका कंपनीतल्या कारकुनाची बायको. लेक बाळंत झाली होती. त्यांनी रुळांची कुंची उचलली, उलटीसुलटी केली, गालाला लावून पाहिली. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "सगुणाबाई, तुमाला लेकरं किती?"

तो काही सहज प्रश्न नव्हता. बाळाच्या अंगावरचं पहिलं शिवलेलं कापड लेकुरवाळीच्या हातचं लागतं, जिची पोरं जितीजागती आहेत अशीच्या. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्या हातून कोणी घेत नाही. अंबडला ती काजं-बटणं करत होती तेव्हा हा प्रश्न कधी आला नव्हता. कुंच्यांचं काम तिनं नुकतंच धरलं होतं; आता तो येणार होता, आणि दर गिऱ्हाइकागणिक येणार होता. सगुणाबाईची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"एक हाय," मी म्हणालो. "ल्योक. मिल्ट्रीत."

"नाव काय म्हणं?"

इथं मी चुकलो. जगात नावांचा काय दुष्काळ होता. पण जिभेवर जे आलं ते आलं. "धर्मराज," मी म्हणालो.

द्वारकाबाई कुंची घेऊन गेल्या. सगुणाबाई बराच वेळ दोऱ्याला मेण लावत बसली. मग म्हणाली, "भाऊ, गाठोड्यात दुसरं येखादं नाव न्हवतं का?"

मी दोरीवरच्या उरलेल्या कुंच्या सरळ केल्या.

"कुठं हाय म्हणलात तो?"

"म्हणलो न्हाई अजून. आसामात असू दे."

"थंडी असंल तिकडं," ती म्हणाली, आणि अडकलेली सुई पलीकडून ओढून घेतली.

असा धर्मराज एकोणीस वर्षांचा झाला. जगला असता तर तेवढाच असता, हा हिशेब मी घरी जाऊन केला.

पुढची सात वर्षं मी त्याला वाढवला. नाईक केला, हवालदार केला. सुट्टीवर येतो म्हणायचा तेव्हा नेमका पूल वाहून जायचा. एकदा तो निघालाच होता, तर त्याच्या कर्नलसाहेबाच्या मुलीचं लग्न निघालं आणि मांडवाला पहारा पाहिजे म्हणून साहेबानं त्याला गाडीतून उतरवून घेतला. अस्वल त्याच वर्षीचं. सगुणाबाईकडे येणाऱ्या बायका आधी धर्मराजची खुशाली विचारायच्या, मग कुंची पाहायच्या. ती कमी बोलायची. "बरा हाय," एवढंच. पण मी गेलो की हळूच विचारायची, "काल बाया अस्वलाचं इचारत होत्या. कुठं लागलं-बिगलं तर न्हाई म्हणलात ना त्याला?"

"खरचटलं म्हणलो."

"कशाला म्हणलात?"

"अस्वल काय पुरणपोळी हाय का सगुणाबाई. जरा तरी खरचटंल की."

"पुढच्या वक्ताला बरं झालं म्हणा," ती म्हणायची. हसण्यावारी न्यायची, पण म्हणायला लावायचीच.

तिच्या अंगी कसब होतं, आणि माझ्या थापेशिवाय ते दाराबाहेर गेलं नसतं. हे तिला कळत होतं, मला जास्त कळत होतं. म्हणून मी थांबलो नाही; फेरीवर जाताना तिच्या दोन-चार कुंच्याही गाठोड्यात घ्यायचो. केदारखेड्याच्या बाजारात एकदा माल उठेना, तेव्हा मी सांगून बसलो, की सगुणाबाईच्या प्रत्येक कुंचीत मानेपाशी धर्मराजच्या वर्दीचा एक तुकडा असतो, आणि ज्याच्या पाठीशी सैनिकाचं कापड त्याच्या वाट्याला विंचू-काटा जात नाही. त्या दिवशी सहा जणींनी कुंच्या सांगितल्या.

सगुणाबाई भडकली. "आता वर्दी कुठून आणू मी? शहागडच्या मसणातून?"

मी औरंगाबादच्या छावणीतून मिल्ट्रीच्या हिरव्या कापडाचं एक ठाण आणलं. दोन दिवस तिनं ते कोपऱ्यात पडू दिलं. तिसऱ्या दिवशी गेलो तर तिनं एका लाल खणाच्या कुंचीला मानेच्या खाली चार बोटांचा हिरवा चौकोन बसवला होता आणि ती दूर भिंतीला टेकून त्याच्याकडे पाहत होती. लालावर तो हिरवा असा उठला होता, की त्या चौकोनाशिवाय आधीच्या सगळ्या कुंच्या अर्ध्याच शिवलेल्या वाटाव्यात. तिलाही तेच दिसत होतं. "काय मेलं चांगलं दिसून राह्यलं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून मशीनवर बसली. तेव्हापासून तो चौकोन तिची खूण झाला. द्वारकाबाईंनी तर नातीच्या अंगावरची रुळांची कुंचीही परत आणून तिला तो लावून घेतला. दुसऱ्या शिंप्यांनी नक्कल केली, पण त्यांचा हिरवा पोपटी निघायचा.

विंचवाची गोष्ट मात्र माझ्या हातात राहिली नाही. राजूरच्या बाजारात मी तिला जरा तिखट केली. म्हणालो, एका पोराची कुंची आईनं झोपताना काढली आणि त्याच घटकेला विंचू चढला, म्हणून ही एकदा घातली की सव्वा महिना दिवसरात्र काढायची नाही. सगुणाबाई येणाऱ्या प्रत्येकीला बजावायची, "उकाड्यात काढत जा, अंग मोकळं ठिवत जा." पण बायका तिच्यासमोर मान हलवायच्या आणि घरी जाऊन माझं ऐकायच्या.

बालकिशन शेठचं कापडाचं दुकान नवीन जालन्यात मोठं. दुकान शेठच्या नावावर, पण गादीच्या मागं बसून नजर ठेवायच्या त्या त्यांच्या आई, धापूबाई. कापड त्या डोळ्यांनी पाहायच्याच नाहीत. कानाशी नेऊन दोन बोटांत चोळायच्या, आणि कुठल्या गिरणीचं, कितीदा धुतलेलं, ते सांगायच्या. बालकिशन शेठनं सगुणाबाईला म्हटलं होतं, दहा बाया बसवतो, तू फक्त नमुने काढ. ती नाही म्हणाली. "नमुना म्हंजी माझा हात हाय शेठ. त्यो काढून कसा देऊ?" शेठला राग आला, धापूबाईंना ते आवडलं.

धापूबाईंची सून, म्हणजे शेठची बायको, मंजू. दोन बाळं झाली आणि दोन्ही बारशाच्या आत गेली. तिसऱ्या वेळी, एक्याण्णवच्या वैशाखात, मुलगा झाला. त्यांच्यात कुंचीची चाल नव्हती, पण पिढ्यानपिढ्या जालन्यात राहून आणि दोन बाळं घालवून धापूबाई आता कुठल्याच चालीला नको म्हणायच्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या ऑटोनं सगुणाबाईच्या खोलीवर आल्या. मी तिथंच खणांची घडी घालत बसलो होतो.

त्यांनी दोरीवरची एक कुंची ओढली, हिरवा चौकोन बोटांत धरला, कानाशी नेला आणि चोळला. मग दुसरीचा. मग तिसरीचा.

"सगुणाबाई," त्या म्हणाल्या, "ये कपडा किसीने पहना नहीं. अजून खळ हाये याच्यात. हे ठाणातलं कापड हाये."

सगुणाबाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मी मध्ये तोंड घातलं, "शेठाणीबाई, मिल्ट्रीत वर्दी रोज नवी देतात."

"पुंजाराम, तू चूप बस. तुझं अस्वल मी ऐकलं हाये." मग त्या सगुणाबाईकडे वळल्या, आणि आवाज खाली आला. "तू लोकांना काय देती ते मी कोणाला सांगणार न्हाई. धंद्यात चालतं. पण माझ्या नातवाला बराबर पाहिजे. तुझ्या मुलाच्या अंगाला लागलेलं. तो दूर हाये तर लहानपणचं दे. आई लोक ठेवतात. तूही ठेवलं असशील एखादं."

"हाय," सगुणाबाई म्हणाली.

हे तिच्या तोंडून आपसूक निघालं. आईला कोणी विचारलं की लेकराचं काही ठेवलंय का, तर ती दुसरं काय म्हणणार.

धापूबाई गेल्यावर तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आतल्या झबल्याच्या पिवळ्या बुट्ट्या विटून मातकट झाल्या होत्या. मी म्हणालो, "येडी झालीस का? माझ्या जुन्या सदऱ्याचा तुकडा लाव. त्यो बी अंगाला लागलेलाच हाय."

"त्या चोळून बघतेत, भाऊ. तुमच्या सदऱ्याला तुमचा घाम हाय. लेकराचं कापड येगळं लागतं हाताला."

"मंग दुसऱ्या कुणाच्या पोराचं आण."

"कुणाला मागू? आन् काय म्हणून मागू? माझं न्हाई म्हणून?"

ती झबलं मांडीवर घेऊन बसली. मी पाहत होतो. मला वाटलं होतं ती रडेल. पण ती त्याच्यावर चौकोन कुठून निघेल ते बोटांनी मोजत होती, कारागीर मोजतो तसं. पाठीतून निघाला. मध्येच कात्री थांबवून म्हणाली, "सात वर्सं झाली, लोकं त्याची खुशाली इचारतेत. कधी कधी मला वाटतं, हाय तो. मंग हे कापड जित्याचंच झालं का न्हाई?"

मी झबल्याची एक बाजू ताणून धरली, कात्री सरळ जावी म्हणून. 

ती कुंची तिच्या हातची सगळ्यात चांगली. पांढऱ्या खणावर बाभळीची फुलं आणि मानेपाशी तो मातकट चौकोन. धापूबाईंनी चोळून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बराबर."

बारसं झालं, कुंची अंगावर चढली. मंजूचं बाळ बारसं ओलांडून पुढं गेलं, म्हणून धापूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी दुकानात गेलो तर शेठ गादीवर नव्हते. नोकर म्हणाला, बाळाला ताप आहे. डॉक्टर येऊन औषधाचे थेंब देऊन गेलेत. वैशाखाचं ऊन असं, की डांबरावर सायकलचं चाक उठत होतं. मी मागच्या घरात डोकावलो. मंजू पंखा हलवत बसली होती आणि बाळ कुंचीत. पदर सगळा अंगाभोवती गुंडाळलेला. तोंड लाल, डोळे अर्धे उघडे, आणि रडणं बंद.

"शेठाणीबाई," मी म्हणालो, "उकाडा हाय. काढा की ती."

"सव्वा महिना काढायची न्हाई," धापूबाई म्हणाल्या. "डॉक्टर आला तेव्हा काढली थोडा वेळ. तो गेला की परत घातली."

"कोण म्हणलं काढायची न्हाई?"

"सगळे म्हणतात. विंचवाचं न्हाई माहीत तुला?"

मी म्हणालो, विंचवाचं मीच रचलंय, खोटं आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, पुंजाराम, आज तू फार चांगला माणूस झाला. मी मग दुसरी चाल केली. म्हणालो, धर्मराजचं पत्र आलंय, त्याच्या पलटणीच्या पंडितानं सांगितलंय, नऊ दिवस कुंची अंगावर नको. त्यांनी हात पुढं केला. "दाखव पत्र." चाळीस वर्षांत माझ्याकडे कोणी पुरावा मागितला नव्हता.

मी सायकल मारत सगुणाबाईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हातातलं काम खाली ठेवलं, सुई उशीत टोचली, पदर डोक्यावर घेतला.

"त्यो तुकडाच हाय," ती म्हणाली. "त्यो त्याला वढून राह्यला."

"उकाडा हाय, सगुणाबाई. नुसता उकाडा. तेवढंच सांग."

"तुम्ही सांगितलं ना? काढली का त्येंनी?"

मी वाटेत तिला अडवलं. म्हणालो, खरं सांगितलंस तर उद्यापासून तुझ्या दारात चिटपाखरू येणार नाही. डॉक्टर येतोय, शेठ पैसेवाले आहेत, दवाखान्यात नेतील. आज नाहीतर उद्या नेतील. ती ऐकत होती आणि चालत होती. आज मला वाटतं, मी तिला अडवत होतो ते तिच्यासाठी किती आणि माझ्या सात वर्षांच्या अस्वलासाठी किती, कुणास ठाऊक.

दुपारचे दोन वाजले असतील. ती थेट आतल्या खोलीत गेली. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता उभी राहिली आणि मंजूकडे पाहून म्हणाली, "बाई, ती कुंची काढ."

"का?" धापूबाई म्हणाल्या.

"तुकडा जित्याचा न्हाई. माझा धर्मराज दीड वर्साचा आस्ताना गेला. शहागडला. मिल्ट्रीत कुणी न्हाई. आसामात कुणी न्हाई. मला लेकरू न्हाई."

पहिली हलली ती मंजू. तिनं गाठ सोडायची वाट पाहिली नाही, बंद तोडले. कुंची फेकली ती माझ्या पायाशी येऊन पडली. बाळाचं सगळं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं, आणि कापड निथळेल इतकं ओलं. मंजूनं ओलं फडकं फिरवलं, बाळानं तोंड वाकडं केलं आणि अगदी बारीक आवाजात रडायला लागलं. शेठ ऑटो आणायला धावले.

दवाखान्यात डोक्याच्या शिरेतून सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बाळ वाचलं. पुढं ते कॉलेजात गेलं, मोटारसायकल उडवायला लागलं. मी पाहिलाय त्याला.

पण ते वाचलं, आणि सगुणाबाईचं जे व्हायचं ते त्यानंच झालं. बाळ गेलं असतं तर धापूबाई नशिबाला बोल लावून बसल्या असत्या, दोनदा बसल्याच होत्या. आता कुंची काढली आणि बाळ रडलं हे चार माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून मोठा पुरावा काय पाहिजे. उकाडा, घामोळ्या, सलाईन, मी सगळ्यांना सांगत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मीठ-मसाला न लावता सांगितलं, आणि कोणी विश्वास ठेवला नाही. लोक म्हणाले, धर्मराज होता, पुंजाराम आता लपवतोय, तो बर्फात गोळी लागून गेला आणि बाईनं मेलेल्याची वर्दी लेकरांना लावली. गोळी डाव्या कुशीत लागली, हेसुद्धा मला बाजारात एकानं सांगितलं.

कुंच्या परत यायला लागल्या.

पहिली द्वारकाबाईंची, रुळांची. त्यांची नात तेव्हा सात वर्षांची होती, धडधाकट, शाळेत जाणारी. वर्तमानपत्रात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवली आणि न बोलता गेल्या. मग गल्लीतल्या. मग राजूरच्या, केदारखेड्याच्या, एसटीनं येऊन. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. ज्यांची लेकरं मोठी होऊन कुंची पेटीत पडली होती त्यांनीही आणून दिली. घरात ठेवायला नको, एवढंच. काहींनी धुऊन, इस्त्री करून आणली. सात वर्षांचं काम एका महिन्यात तिच्या खोलीत परत आलं आणि तिला निजायला जागा उरली नाही.

एकच आली नाही, मंजूची. मी धापूबाईंकडे ती मागायला गेलो. म्हणालो, तेवढी द्या, तिच्या पोराच्या झबल्याचा तुकडा आहे त्यात. त्यांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी मीठ-मोहरीबरोबर अंगणात जाळली. "मी वाईट न्हाई, पुंजाराम," त्या म्हणाल्या. "तिनं माझं बाळ वाचवलं. खरं बोलली. मी रोज तिचं नाव घेते. पण तिला इकडं येऊ देऊ नको."

सगुणाबाईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं निजायला जागा व्हावी म्हणून कुंच्यांची चळत भिंतीशी सरकवली.

नंतर ती बियाण्याच्या कापडी पिशव्या शिवायला लागली. एका कंपनीचं काम होतं, घरी गठ्ठे यायचे. चौकोनी पिशवी, तिन्ही बाजूंनी सरळ टीप, शिवण आत. नमुना नाही, रंग नाही, आणि लेकरं किती हे विचारणारं कोणी नाही. 'सगुणाबाईची कुंची' अशी पत्र्याची पाटी होती, ती उताणी करून तिच्यावर ती मिरच्या वाळत घालायची.

मी जात राहिलो. विकायला काही नसलं तरी जायचो. एक दिवस गेलो तर ती परत आलेल्या कुंच्यांचे हिरवे तुकडे ब्लेडनं उसवत बसली होती. एकेक चौकोन मांडीवर ठेवायची, दोरे उपटायची. शेजारी पत्र्याची पेटी उघडी होती. पेटीवर ते झबलं पसरलेलं, पाठीत चार बोटांचं भोक, त्यातून पेटीचा गंज दिसत होता.

"काही तरी बोला, भाऊ," ती म्हणाली. "गप बसलात की खोली लई मोठी वाटती."

"काय बोलू?"

"तो सुट्टीवर निघाल्ता ना गेल्या साली? मंग काय झालं?"

मी तिनं उपटलेले दोरे फरशीवरून गोळा केले. मग म्हणालो, "पूल वाहून गेल्ता."

"मंग?"

"मंग पाणी वसरलं. गाडी सुटली."

तिनं हिरव्यांतला एक तुकडा निवडला. जुना, रुळांच्या कुंचीतला, द्वारकाबाईंच्या नातीच्या मानेखाली वापरून मऊ झालेला. तो तिनं कानाशी नेऊन दोन बोटांत चोळला, धापूबाई चोळायच्या तसा. मग झबल्याच्या भोकावर धरला आणि सुईत दोरा ओवला. शिवण बाहेरच्या अंगानं घेतली.

"कुठवर आली म्हणलात गाडी?" ती म्हणाली.